सिक नोट, ईएसआयची सुट्टी आणि दिव्यांग दाखला: नाशिकच्या कामगारांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "डॉक्टरने लिहून दिलंय ना, मग पैसे का नाही आले?" मी अंबडला एका कंपनीत टाइम ऑफिसला म्हणजे हजेरी-रजेच्या टेबलावर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी युनियनच्या खोलीत लोकांचे फॉर्म भरून देतो, त्यामुळे तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. गरज असेल तेवढंच वाचा, पण ज्याचा अपघात झालाय त्याने मधला भाग पूर्ण वाचा.

डॉक्टरने पाच दिवस आराम लिहून दिलाय, तरी कंपनीने पगार कापला. असं कसं?

कारण आरामाचा कागद म्हणजे तुम्ही आजारी होतात याचा पुरावा, पैसे कोण देणार ते त्यावर लिहिलेलं नसतं. तुमची सिक लीव्ह किंवा पीएल म्हणजे भरपगारी रजा शिल्लक असेल तर कंपनी देईल, पगारातून ईएसआय म्हणजे कामगार विम्याचा हप्ता कापला जात असेल तर ईएसआय देईल, दोन्ही नसेल तर गैरहजेरी माफ होईल पण पगार नाही मिळणार. लोक इथेच गल्लत करतात. तीन कागद आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं आहे. गल्लीतल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट सांगतं की हा माणूस अमुक दिवस कामावर येऊ शकत नव्हता. ईएसआय दवाखान्याचं सर्टिफिकेट सांगतं की या दिवसांचे पैसे याला द्या. आणि सिव्हिलचा म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा दिव्यांग दाखला सांगतो की याच्या शरीरात कायमची किती टक्के कमतरता आहे, त्याचा सुट्टीशी काही संबंध नाही. एकाच्या जागी दुसरा दिला की क्लार्क परत पाठवतो, मग आपण म्हणतो हे लोक त्रास देतात. देतात कधी कधी, पण निम्म्या वेळा कागदच चुकीचा असतो.

सर्टिफिकेटवर काय काय असलं म्हणजे कुणी परत करत नाही?

डॉक्टरचं नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर. हा नंबर छापलेला किंवा शिक्क्यात असायलाच हवा, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत तसं स्पष्ट आहे. मग तपासल्याची तारीख, कधीपासून कधीपर्यंत आराम, आजार काय आणि सही. त्याच नियमांत सर्टिफिकेटचा एक नमुना दिलाय, त्यात पेशंटची सही किंवा अंगठा आणि अंगावरची एखादी खूण लिहायलाही जागा आहे. बहुतेक डॉक्टर ती सोडून देतात, पण तुम्ही स्वतः सही करून द्या, उद्या कुणी म्हटलं की हा माणूस तुम्हीच कशावरून, तर उपयोगी पडते.

सगळ्यात जास्त घोटाळा तारखेचा. १४ चा १६ केलेला, वर पांढरी शाई, बाजूला छोटी सही पण नाही, असा कागद समोर आला की मी घेतच नाही, मग माणूस भले खरंच तापाने फणफणलेला असू दे. तारीख बदलायची असेल तर डॉक्टरकडून नवीन कागद घ्या, खाडाखोड नको.

फिट सर्टिफिकेट वेगळं लागतं का?

दोन-तीन दिवसांच्या सुट्टीला सहसा कुणी मागत नाही. त्यापुढे, आणि ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर असेल तर नक्की लागतं. प्लास्टर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी फिटनेस नसताना मशिनवर उभं राहू नका आणि सुपरवायझर उभं करत असेल तर लेखी मागा.

बीएएमएस डॉक्टरचं सर्टिफिकेट चालतं का?

आपल्याकडे सिडकोत, सातपूर कॉलनीत, गावात जो फॅमिली डॉक्टर असतो तो बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतो, आणि साध्या तापाच्या सुट्टीला बऱ्याच कंपन्या त्याचं घेतात. शेवटी कंपनीचे स्टँडिंग ऑर्डर म्हणजे नोकरीचे नियम काय म्हणतात त्यावर आहे. मोठी सुट्टी, हाड मोडलं, मणक्याचा त्रास, असं असेल तर त्या विषयाच्या डॉक्टरचा कागद जोडलेला बरा.

मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मिळेल का?

नाही, आणि मागूही नका. तपासल्याशिवाय किंवा खोटी तारीख टाकून दिलं तर डॉक्टरचं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं, त्याला दिलेल्या सर्टिफिकेटचं रजिस्टर ठेवावं लागतं आणि कंपनीने फोन करून विचारलं की पाच मिनिटांत उघडं पडतं. हां, एक मात्र करता येतं. तुम्ही तेव्हा खरंच दाखवलं होतं पण सर्टिफिकेट घ्यायचं राहिलं, तर डॉक्टरकडे केस पेपर असतो, त्यावरून तो आजच्या तारखेला लिहून देऊ शकतो की अमुक दिवशी तपासलं होतं आणि इतके दिवस आराम सांगितला होता. हॉस्पिटलात ॲडमिट असाल तर तुम्ही लेखी मागितल्यावर ७२ तासांत तुमचे पेपर द्यायला हवेत, हाही त्याच २००२ च्या नियमांतला भाग.

माझा ईएसआय कापला जातो, मी ईएसआयमध्ये आहे असं समजू का?

पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के कापलेले दिसतात का बघा, कंपनी वर ३.२५ टक्के भरते. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही आत आहात, दिव्यांग कामगाराला ही मर्यादा २५,००० आहे. ओव्हरटाइम त्या मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे "माझा पगार ओटी धरून २३ हजार होतो म्हणून मी बाहेर" असं कुणी सांगत असेल तर हिशोब परत करायला लावा. आणि मधेच इन्क्रिमेंट लागलं तरी सहा महिन्यांचा चालू पिरियड संपेपर्यंत तुम्ही आतच राहता.

ठेकेदाराकडे असाल तर फक्त स्लिपवर विश्वास ठेवू नका. आयपी नंबर म्हणजे तुमचा ईएसआयचा नंबर टाकून ऑनलाइन बघा, किती दिवस भरलेत ते तिथे दिसतं. पगारातून कापलं पण पुढे भरलंच नाही अशा केसेस मी पाहिल्यात, आणि माणसाला कळतं कधी, तर आजारी पडल्यावर.

ईएसआयच्या सुट्टीत किती पैसे मिळतात?

साध्या आजारपणाला रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. अट अशी की सहा महिन्यांच्या पिरियडमध्ये किमान ७८ दिवस कॉन्ट्रिब्युशन भरलेलं पाहिजे. एप्रिल ते सप्टेंबर भरलेलं पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये कामी येतं आणि ऑक्टोबर ते मार्चचं जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे आज आजारी पडलात तर आजचा नाही, मागचा पिरियड बघतात. नवीन लागलेल्या पोराला हे समजावून सांगताना माझी दमछाक होते.

आणखी एक, पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. रोजचा सरासरी पगार ६०० धरला तर ७० टक्के म्हणजे ४२०, दहा दिवसांची सुट्टी घेतली तर आठ दिवसांचे ३,३६० येतील. आधीच्या सुट्टीनंतर १५ दिवसांच्या आत परत आजारी पडलात तर ते दोन दिवस परत कापत नाहीत.

सर्टिफिकेट दवाखान्यात दिलं, मग पैसे कुठून येतात?

इथे दोन वेगळी ऑफिसं आहेत हे डोक्यात ठेवा. दवाखाने आणि सातपूरचं कामगार विमा हॉस्पिटल हे राज्य सरकारच्या बाजूचं, तिथे उपचार आणि सर्टिफिकेट मिळतं. पैसे देतं ते ईएसआय कॉर्पोरेशनचं ब्रँच ऑफिस. दवाखान्यातल्या सिस्टरशी पैशांवरून भांडून काही उपयोग नाही, तिच्या हातात ते नाहीच. पहिलं सर्टिफिकेट, मग मधली मधली, आणि शेवटचं फायनल म्हणजेच फिटचं, अशी साखळी पूर्ण लागते. मधलं एक जरी राहिलं तर तेवढे दिवस अडकतात, आणि फायनल घेतलंच नाही तर सगळंच लोंबकळत राहतं. क्लेमचा फॉर्म ९ भरायचा, बँक खातं आयपी नंबरला जोडलेलं आहे का ते बघायचं, आणि तुम्ही त्या दिवसांत खरंच कामावर नव्हता हे कंपनीकडून तपासून घेतात. त्यामुळे सिकवर असताना "जरा दोन तास येऊन जा" म्हणून सुपरवायझरने बोलावलं आणि पंचिंग झालं की क्लेम गेला.

अचानक रात्री प्रायव्हेट हॉस्पिटलला न्यावं लागलं, आता ईएसआय मिळणार नाही का?

मिळू शकतं. इमर्जन्सीत जवळ जे हॉस्पिटल असेल तिथेच जाणार ना माणूस. पण डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, तिथल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट हे सगळं घेऊन लवकरात लवकर ईएसआय दवाखान्यात जा, तुम्हाला चालवत नसेल तर घरच्याला पाठवा. प्रायव्हेट कागद पर्यायी पुरावा म्हणून घेतात, तपासतात, लगेच मंजूर होईलच असं नाही. महिनाभराने फाइल नेली की पहिला प्रश्न हाच असतो की इतके दिवस कुठे होता.

ईएसआयच्या सुट्टीत गावी गेलो तर चालतं का?

परवानगीशिवाय नाही. सुट्टीच्या काळात उपचार चालू ठेवायचे, सांगितलंय तिथे राहायचं आणि दुसरीकडे मजुरी करायची नाही असं कायद्यातच आहे. आपल्याकडे निम्मी कंपनी कळवण, सटाणा, निफाड, नाहीतर धुळे-जळगावकडची. एप्रिलला उन्हाळ कांदा काढायला आला की अचानक सगळ्यांची कंबर धरते, हे दवाखान्यातल्या डॉक्टरला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. खरंच गावी आई-वडिलांकडे राहून उपचार घ्यायचे असतील तर आधी सांगा, लिहून घ्या.

टीबी, कॅन्सर, लकवा असं मोठं दुखणं असेल तर ९१ दिवसांनंतर काय?

त्यासाठी वाढीव सिकनेस बेनिफिट आहे. ३४ आजारांची यादी आहे, तिच्यात टीबी, कुष्ठरोग, कॅन्सर, लकवा, किडनी निकामी होणं, हार्ट अटॅक, काही मानसिक आजार असे आहेत. त्यात ८० टक्के मिळतात आणि जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. पण दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार पिरियडमध्ये मिळून १५६ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन पाहिजे. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी ब्रेक देतो त्याचा फटका इथे बसतो, हे कुणी आधी सांगत नाही.

कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी उपचार, ते वेगळं सांगायला नको. पण त्याच दिवशी कुणाला तरी तीन कामं लावा. हॉस्पिटलात "कामावर मशिनवर लागलं" असंच केस पेपरवर लिहून घ्या, "घरी पडला" असं लिहायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. कंपनीच्या अपघात रजिस्टरला नोंद झाली का बघा. आणि कंपनीने ईएसआयला फॉर्म १२ म्हणजे अपघाताचा रिपोर्ट पाठवला का ते विचारा, त्याची कॉपी घ्या, निदान मोबाइलवर फोटो.

"आपण आपसात बघून घेऊ, हॉस्पिटलचं बिल कंपनी भरेल" असं गोड बोलून केस पेपरवर घरचा अपघात दाखवायला लावतात, आणि बिल भरतातही, मी नाही म्हणत नाही. पण हातातून महिन्याची पेन्शन जाते ती आयुष्यभराची, आणि ते बिल तर ईएसआयने तसंही बघितलंच असतं.

अपघाताच्या केसमध्ये सुट्टीच्या दिवसांचे ९० टक्के मिळतात, बरे होईपर्यंत, आणि ७८ दिवसांची अट नाही. कालच कामाला लागला आणि आज बोट गेलं तरी हक्क आहे. तीन दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर मात्र नाही.

कंपनीत जाता-येता गाडीवर अपघात झाला तर?

२०१० च्या दुरुस्तीपासून घर ते कंपनी आणि कंपनी ते घर हा रस्ताही धरतात, फक्त वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे. सेकंड शिफ्ट सुटून पाथर्डी फाट्याला गाडी घसरली तर बसतं. शिफ्ट सुटल्यावर मित्राकडे पंचवटीत जाऊन रात्री एक वाजता पडलात तर कठीण आहे. रस्त्यावरच्या अपघातात हॉस्पिटलला एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद करून घ्या, पोलिसांचा कागद नसेल तर पुढे सगळेच हात वर करतात.

बोट गेलं तर किती पेन्शन मिळते?

प्रेस शॉपमधले सगळे हेच विचारतात म्हणून नीट लिहितो. कायद्यात टेबल आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, पहिलं बोट म्हणजे तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं १२, करंगळी किंवा तिच्या शेजारचं ७. तर्जनीचं फक्त वरचं एक पेर गेलं तर ९, आणि हाड न जाता नुसता शेंडा उडाला तर ५. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०.

आता पैसे. रोजचा सरासरी पगार ६०० असेल तर त्याचे ९० टक्के ५४०, आणि तर्जनीसाठी त्याचे १४ टक्के म्हणजे रोज साधारण ७५ रुपये ६० पैसे, महिन्याला २,२६८ च्या आसपास, जिवंत असेपर्यंत. नोकरी चालू असली तरी मिळते, पगारातून वजा होत नाही. उपचार संपल्यावर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं, फॉर्म १४ भरायचा. बोर्डासमोर जाताना पट्टी बांधून, हात शालीत लपवून असलं काही नको, ऑपरेशनचा पेपर आणि आधीचा-नंतरचा एक्स-रे न्या आणि विचारलं तर काय करता येत नाही ते साध्या शब्दांत सांगा, की नट धरता येत नाही, व्हर्नियर पकडता येत नाही, डबा उघडायला दुसरा हात लागतो. टक्के कमी वाटले तर अपील आहे, मेडिकल अपील ट्रायब्युनल किंवा ईआय कोर्ट म्हणजे कामगार विम्याचं कोर्ट.

ईएसआयने १४ टक्के दिले, मग सिव्हिलला दिव्यांग दाखला का नाही झाला?

कारण दोघं वेगळं मोजतात. ईएसआयचं बोर्ड बघतं की कमाई करायची ताकद किती गेली, सिव्हिलचं बोर्ड बघतं की पूर्ण शरीराच्या हिशोबात कायमची कमतरता किती. एका बोटाला सिव्हिलमध्ये टक्के फारच कमी येतात, आणि योजनांसाठी बहुतेक ठिकाणी ४० टक्के लागतात. उलटही होतं, कुणाला पोलिओमुळे सिव्हिलचा ६० टक्क्यांचा दाखला असतो पण ईएसआयची पेन्शन नसते, कारण ते कामावर झालेलं नाही. कोर्टातही हा फरक आहे. अपघात भरपाईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१० च्या निकालात सांगितलंय की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एकच धरू नका, माणूस काय काम करत होता ते बघा. ड्रायव्हरचा पाय आणि क्लार्कचा पाय सारखा नाही, एवढा साधा मुद्दा आहे, पण विमा कंपनीचा वकील समोर उभा राहिला की तो परत पहिल्यापासून सांगावा लागतो.

दिव्यांग दाखला कसा काढायचा?

आता यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं स्वावलंबन कार्ड निघतं. पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि हॉस्पिटल निवडायचं. आपल्या शहरात त्र्यंबक रोडचं सिव्हिल. मग दिलेल्या तारखेला जायचं, तपासणी होते, टक्के पडतात, दाखला आणि कार्ड ऑनलाइन डाउनलोड होतं, प्लास्टिकचं नंतर पोस्टाने येतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, म्हणजे फक्त हात-पाय-डोळे नाही तर थॅलेसेमिया, सिकल सेल, पार्किन्सन, मानसिक आजार, ॲसिड हल्ला हेही येतात. कार्डाचा रंग बघूनच टक्के कळतात, पांढरं ४० च्या खाली, पिवळं ४० ते ८० मधलं आणि निळं ८० आणि वरचं.

सकाळी लवकर जा, पेशंटला खायला बरोबर न्या, आणि जुने सगळे रिपोर्ट फाइलला लावून न्या. कानाचं असेल तर ऑडिओमेट्री, मतिमंदत्वाचं असेल तर बुद्ध्यांक चाचणी, ती त्याच दिवशी होईलच असं नाही. पेशंट झोपून असेल तर घरच्यांनी आधी एकटं जाऊन चौकशी करावी, उगाच रिक्षात घालून हेलपाटा नको.

माझ्या दाखल्यावर "तात्पुरता" लिहिलंय, म्हणजे काय?

म्हणजे डॉक्टरांना वाटतं की सुधारणा होऊ शकते, म्हणून तारीख टाकून परत तपासणीला बोलावलंय. ती तारीख मोबाइलला रिमाइंडर लावून ठेवा. दाखल्याची मुदत संपली की पेन्शन, पास सगळं थांबतं आणि परत चालू करायला नवीन अर्जाइतकाच वेळ जातो.

पगार २१,००० च्या वर आहे, ईएसआय नाही. अपघात झाला तर?

मग कामगार भरपाईचा कायदा, आधी तो १९२३ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. त्यात कंपनीला भरपाई द्यावी लागते, बोटांचं टेबल तेच. हिशोबात महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याचे ६० टक्के, गुणिले कायद्याच्या टेबलातला वयाचा आकडा. ४० वर्षांच्या माणसाचा आकडा १८४.१७, म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३० ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम, आणि तर्जनीचे १४ टक्के म्हणजे २,३२,०५४. ही एकरकमी मिळते. कंपनी देत नसेल तर दोन वर्षांच्या आत कामगार न्यायालयात केस टाकायची. ज्याला ईएसआय आहे त्याला हा दुसरा रस्ता नाही, दोन्हीकडून घेता येत नाही.

आणि पीएफ विसरू नका. कायमचं पूर्ण अपंगत्व येऊन नोकरी सुटली तर पीएफच्या पेन्शन स्कीममध्ये अपंगत्व पेन्शन आहे, त्याला दहा वर्षांची अट नाही, एक महिन्याचं कॉन्ट्रिब्युशन असलं तरी चालतं, फॉर्म १०-डी भरायचा. हे लोकांना माहीतच नसतं आणि फंड काढून मोकळे होतात. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात तो पंतप्रधान सुरक्षा विमाही बघा, अपघातात दोन डोळे किंवा दोन हात-पाय गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख.

संजय गांधी निराधारचे पैसे कुणाला मिळतात?

१८ ते ६५ वय, किमान ४० टक्के दिव्यांग, महाराष्ट्रात १५ वर्षं राहणारा, आणि दिव्यांगासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूमधून. २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम महिना १,५०० वरून २,५०० केली, खात्यात थेट जमा होते, आधार जोडलेलं हवं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की बंद.

५०,००० वर्षाला म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काही, आता नाशकात चार हजारात कुणाचं घर चालतं सांगा. घरात एक जण जरी कंपनीत असेल तरी बसत नाही, आणि दिव्यांग माणूस घरच्यांवर अवलंबून राहतो, ही अट मला पहिल्यापासून पटलेली नाही. पण आहे ती आहे.

आम्ही शेतकरी, कंपनी नाही, पीएफ नाही. आमचं काय?

शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजना बघा. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि घरातला एक सदस्य, वय १० ते ७५. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. साप चावणं, विजेचा धक्का, ट्रॅक्टर उलटणं हे यात येतं. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज, आणि घरचे लोक हे तीस दिवस दवाखान्यातच घालवतात. गावातल्या कृषी सहायकाला पहिल्याच आठवड्यात फोन करा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला येणाऱ्या बायांना मात्र या योजनेत जागा नाही, सातबाराच नसतो.

दिव्यांग कार्डावर अजून काय मिळतं?

एसटीत ७५ टक्के सवलत. रेल्वेची सवलत काही ठरावीक प्रकारांनाच आणि त्यांचं कार्ड वेगळं. जुन्या टॅक्स पद्धतीत ८०यू खाली ७५,००० आणि ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,००० ची वजावट. महापालिकेला आणि ग्रामपंचायतीला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, ग्रामसभेत उठून विचारा किती केला.

कंपनीला आजाराचं नाव सांगायचंच का?

पैशांचा क्लेम असेल तर ईएसआयच्या डॉक्टरला सगळं सांगावंच लागेल. कंपनीला मात्र किती दिवस येऊ शकत नाही एवढं पुरतं, बहुतेक वेळा. मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, एचआयव्हीसाठी त्याच वर्षीचा वेगळा कायदा आहे. डॉक्टरला सांगा, तो "वैद्यकीय कारणास्तव" असं लिहू शकतो. टाइम ऑफिसात आलेला कागद शिपायापासून सगळे वाचतात, हे मी आत बसून सांगतोय.

सुट्टीवर असताना कामावरून काढलं तर?

ईएसआयचा लाभ चालू असताना आजारपणासाठी काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. पण सर्टिफिकेट कंपनीला पोचलंय हे तुमच्याकडे दिसलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरला फोटो टाकला आणि त्याने अंगठ्याचा इमोजी पाठवला, हा पुरावा फार कच्चा. रजिस्टर पोस्ट नाहीतर एचआरचा ईमेल, आणि आवक शिक्क्याची कॉपी.

एजंट म्हणतो पैसे द्या, टक्के वाढवून देतो. करू का?

नका. खोट्या दाखल्यावर फायदा घेतला तर दिव्यांग कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२५ मध्ये तर राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी लागली आणि भलेभले घामाघूम झाले. शिवाय यूडीआयडी ऑनलाइन तपासता येतं, क्यूआर स्कॅन केला की खरं-खोटं समोर. सगळ्यात वाईट म्हणजे खोट्यांमुळे ज्याचा पाय खरंच गेलाय त्यालाही परत परत बोर्डासमोर उभं करतात.

माहिती विचारायला नाशकात कुठे जाऊ?

दिव्यांग योजनांसाठी नासर्डी पुलाजवळचं सामाजिक न्याय भवन आणि जिल्हा परिषद. निराधारसाठी तहसील. ईएसआयसाठी आधी दवाखाना, पैशांसाठी ब्रँच ऑफिस. जिथे जाल तिथे अर्जाची पोच मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा की माझ्या अर्जाचं काय झालं.

दाखला लॅमिनेट करून ठेवू का?

नको. काही ऑफिसात शिक्का हाताने तपासतात, लॅमिनेट केलेला घेत नाहीत. ओरिजिनल प्लास्टिकच्या पाकिटात, झेरॉक्स चार-पाच, आणि यूडीआयडीची पीडीएफ मोबाइलवर आणि घरातल्या अजून एकाच्या मोबाइलवर.